१०,००० लक्सचा दिवा, सात महिन्यांचा अनुभव: आबांना संध्याकाळी, मुलाला सकाळी

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे. कारण झोपेची वेळ ताळ्यावर आणायला डोळ्यांसमोर लावायचा हा दिवा विकणारे सगळे "रोज सकाळी ३० मिनिटं" एवढंच सांगतात, आम्ही तसंच केलं आणि पहिल्या तीन आठवड्यांत आबांची झोप होती त्याहून बिघडली. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण एकाच साच्यातले पाच-सहा दिवे वेगवेगळ्या नावांनी ऑनलाईन मिळतात आणि मला बोलायचंय ते या प्रकारच्या दिव्याबद्दल. पांढरा चपटा पॅनल, शाळेच्या वहीएवढा, मागे घडीचा स्टँड, तीन रंग (पिवळा, पांढरा, गार पांढरा), उजेड कमीजास्त करायचं टचचं बटण, टायमर. खोक्यावर मोठ्या अक्षरात १०,००० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचं एकक). मला ४,३०० ला पडला.

घेतला आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील, ७९ वय, आई गेल्यावर साताऱ्याकडच्या गावातनं आमच्याकडे कोथरूडला आले. सगळं आयुष्य रानात काढलेला माणूस, पहाटे चारला उठणार, दिवस उन्हात, रात्री नऊला आडवं होणार. इथे आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, समोर नवीन बिल्डिंग उभी राहिल्यापासून हॉलमध्ये दुपारी बारालासुद्धा ट्यूब लावावी लागते. गुडघ्यांमुळे आबा खाली फारसे उतरत नाहीत. तीन-चार महिन्यांत त्यांचं असं झालं की संध्याकाळी सात वाजले की जेवणाच्या ताटावरच डोळे मिटायला लागायचे आणि रात्री दीड-दोनला टक्क जागे. मग अंधारात हॉलमध्ये फेऱ्या, अडीचला दूध-बिस्किटं, एकदा चहा करायला गॅस पेटवला आणि तसाच ठेवून खुर्चीत डुलकी लागली. त्या रात्रीपासून मी हॉलमध्येच अंथरूण टाकून झोपायला लागले. दिवसा मात्र टीव्हीसमोर पेंगणं चालूच.

डॉक्टरांकडे जाऊन आलो, शुगर, बीपी, थायरॉईड, प्रोस्टेट सगळं बघून झालं. ते म्हणाले झोपेची गोळी या वयात नको, पडायची भीती असते, आधी यांना उजेडात बसवा. मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याचा रोख लगेच कळला, पण कळणं आणि घरात करून बघणं यात फार अंतर असतं हे नंतर समजलं.

आता हे उजेडाचं प्रकरण नेमकं काय आहे ते थोडं सांगते, त्याशिवाय दिव्याचं बोलून अर्थ नाही. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, बरोब्बर त्याच्यावर, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचे दोन बारके पुंजके आहेत, एक डावा एक उजवा. नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, सगळे एससीएन म्हणतात. दोन्ही मिळून सुमारे २०,००० पेशी. मेंदूत सगळ्या मिळून ८,६०० कोटींच्या आसपास चेतापेशी असतात, त्यात या २०,००० म्हणजे पोत्यातले चार दाणे, पण झोप कधी, भूक कधी, अंगाचं तापमान कधी चढणार कधी उतरणार, जागेपणाचं कॉर्टिसोल आणि रात्रीचं मेलाटोनिन ही संप्रेरकं कधी, हे सगळं यांच्या इशाऱ्यावर चालतं. १९७२ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या टीमनी प्रयोगशाळेतल्या उंदरांमधला एवढाच भाग नष्ट करून बघितलं. उंदीर जगले, खात होते, झोपत होते, पण कशालाच वेळ राहिली नाही. नंतरच्या अशाच प्रयोगांत दिसलं की झोपेची बेरीज साधारण तेवढीच, फक्त दिवसरात्र तुकड्यातुकड्यात विखुरलेली. वर्गात हे शिकवताना मी दर वर्षी पुढे निघून जायचे. आबांना दुपारी टीव्हीसमोर पेंगताना आणि रात्री फेऱ्या मारताना बघितल्यावर ते वाक्य पहिल्यांदा नीट कळलं.

याच्यापुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर या संशोधकांना १९८८ मध्ये एक असा हॅमस्टर सापडला ज्याचा दिवस अंधारात ठेवलं तरी २४ तासांचा नव्हता, छोटा होता. त्याची पिल्लं वाढवत गेले तर आई-बाप दोघांकडून तो दोष आलेल्यांचा दिवस जवळपास २० तासांचा निघाला. मग १९९० मध्ये त्यांनी साध्या हॅमस्टरचं एससीएन काढून तिथे या २० तासवाल्यांच्या गर्भातल्या पिल्लाचं एससीएन बसवलं आणि तो २० तासांनी जगायला लागला! उलटं केलं तर उलटं झालं. म्हणजे घड्याळ ज्याचं, वेळ त्याची, बाकीचं अख्खं शरीर मुकाट त्याच्यामागे. एका छोट्या गोळ्यात दिवसाची लांबी भरलेली असते हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

आणि हे घड्याळ चालतं कसं तर प्रत्येक पेशीत स्वतंत्रपणे. क्लॉक आणि बीमॅल१ नावाची दोन प्रथिनं जोडीने पिरियड आणि क्रिप्टोक्रोम ही जनुकं चालू करतात, त्यांची प्रथिनं दिवसभर पेशीत साचत जातात, पुरेशी साचली की परत केंद्रकात शिरून त्याच जोडीला गप्प करतात, मग हळूहळू स्वतः मोडून पडतात आणि जोडी पुन्हा मोकळी. या सगळ्या फेरीला साधारण एक दिवस लागतो. भांड्यात सुट्या करून ठेवलेल्या एससीएनच्या पेशीसुद्धा आपापल्या ठेक्यात चालत राहतात, कुणी जरा पुढे कुणी जरा मागे, मेंदूत मात्र एकमेकींशी बोलून एकच ठेका धरतात. भजनातल्या टाळकऱ्यांसारखं. या यंत्रणेचं मूळ फळमाशीत शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आपल्या कामाचा मुद्दा इथून पुढे आहे. माणसाचं हे घड्याळ बरोब्बर २४ तासांचं नसतं, सरासरी काढली तर २४ तासांवर दहा-बारा मिनिटं जास्त, त्यामुळे रोज ते लावून घ्यावं लागतं आणि ते लावायचं काम उजेड करतो. त्यासाठी डोळ्यात वेगळ्याच पेशी आहेत, बघायच्या शंकू-दंडपेशींव्यतिरिक्त, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतं, आणि त्यांची तार थेट एससीएनला जोडलेली. २००२ पर्यंत हे पक्कं झालं. मात्र या पेशींना जागं करायला भरपूर उजेड लागतो, आपल्याला डोळ्यांना "लख्ख" वाटणारी ट्यूब त्यांच्या हिशेबी संधिप्रकाश. त्यात म्हातारपणी डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं आणि नेमका निळाच उजेड अडवतं. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालेलं आहे, त्यामुळे ती अडचण कमी.

मी कॉलेजच्या लॅबमधून लक्समीटर मागून आणला आणि घरात मोजलं. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, नसेल मीटर तर मोबाईलचं ॲप घ्या, आकडा थोडा चुकतो पण अंदाज येतो. आबांच्या खुर्चीत, ट्यूब चालू, दुपारी बारा वाजता: १२०. बाल्कनीच्या दाराशी सकाळी नऊला: २,४००. गच्चीवर, जुलैचं गच्च ढगाळ आभाळ, पावसाची भुरभुर, छत्रीबाहेर मीटर धरला तर १४,०००. मी मीटर दोनदा बंद करून चालू केला. आपल्याला अंधारून आलंय वाटतं तेव्हासुद्धा आभाळ हॉलच्या शंभरपट असतं आणि हा माणूस सत्तर वर्षं त्या आभाळाखाली राहून आमच्या १२० मध्ये येऊन बसला होता.

आता दिवा. १०,००० लक्स हे खरं आहे पण पॅनलपासून १५ सेंटिमीटरवर, म्हणजे नाक जवळजवळ टेकवून. ३० सेंटिमीटरवर ३,४००, ६० वर जेमतेम १,०००. कुठल्या अंतरावर १०,००० ते खोक्यावर कुठेच छापलेलं नाही, हा माझा या दिव्यांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप. घेण्याआधी विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा. अंतर वाढलं तर वेळ वाढवावी लागते, डॉक्टर लोकांचा ठोकताळा १०,००० ला अर्धा तास तर २,५०० ला दोन तास असा आहे. आम्ही सोयीचं म्हणून ३० सेंटिमीटरवर सव्वा तास ठरवलं, ताटाच्या पलीकडे जरा कडेला दिवा, नजर दिव्यात नाही, उजेड डोळ्यांवर पडला म्हणजे झालं.

आणि इथे चूक झाली. आबा दीड-दोनला उठायचे, मी पाचला उठून त्यांना दिव्यासमोर बसवायचे, कारण पुस्तिकेत सकाळी लिहिलंय. आठवड्याभरात ते सातच्या ऐवजी साडेसहाला पेंगायला लागले, तिसऱ्या आठवड्यात सहाला, आणि जाग एकलाच. मला वाटलं वय. मग एका रात्री त्यांच्यासोबत जागी असताना कागद-पेन घेऊन बसले आणि लक्षात आलं की मी स्वतःच त्यांना ओढतेय.

गणित असं आहे. शरीराचं तापमान रात्री सगळ्यात कमी होतं ती वेळ नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी येते. त्या वेळेच्या आधीच्या काही तासांत उजेड पडला तर घड्याळ उशिराच्या बाजूला सरकतं, त्या वेळेनंतर पडला तर लवकरच्या बाजूला. उजेड तोच. नऊला झोपून पाचला उठणाऱ्याची ती वेळ पहाटे दोन-तीनची. पण आबा दोनला उठत होते म्हणजे त्यांची ती वेळ रात्री अकरा-साडेअकराची! त्यांच्या घड्याळात पहाटे पाच म्हणजे चांगली सकाळ झालेली आणि मी त्यात भर उजेड ओतून त्यांना अजून लवकरच्या बाजूला ढकलत होते. त्यांना उजेड हवा होता संध्याकाळी.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून वेळ बदलली. साडेसहा ते पावणेआठ, गार पांढरा रंग, जेवणाच्या टेबलावर. पहिले चार दिवस फार अवघड गेले, ते पेंगायचे, मी शेंगा सोलायला द्यायचे, नातवाशी पत्ते खेळायला बसवायचे. म्हणाले, "अगं मला काय देवापुढं बसवल्यागत बसवतीस रोज, अजून पाखरं तरी गप झाली का बघ की." मला त्या वाक्याने धीर आला, कारण आधी सहालाच "रात झाली" म्हणायचे. पहाटेचा उजेड उलट कमी केला, दोनला उठले तरी ट्यूब लावायची नाही, बाथरूममध्ये जमिनीलगत एक पिवळा बारका दिवा ठेवला, आणि अडीचचं दूध-बिस्कीट बंद. खाण्याचं एवढ्यासाठी की यकृताला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते एससीएनपेक्षा जेवणाच्या वेळेवर जास्त चालतं, भलत्या वेळी खाल्लं तर मेंदू एक वेळ सांगतो आणि पोट दुसरी.

वहीत रोजच्या वेळा लिहिल्यात. दुसऱ्या आठवड्याअखेर झोप पावणेआठला, जाग तीनला. चौथ्या आठवड्यात साडेआठ आणि साडेतीन. गणपतीत पहिल्या दिवशी आमच्याकडे आरती आठला सुरू झाली, घरभर माणसं, आणि आबा टाळ घेऊन उभे, गुडघ्यांमुळे भिंतीला टेकून पण उभे, डोळे उघडे, शेवटपर्यंत. माझा भाऊ गावाहून आला होता, त्याला कळेना मी स्वयंपाकघरात जाऊन का रडतेय. आता नऊ-सव्वानऊला झोपतात, चारला उठतात. चार ही त्यांची जन्माची वेळ आहे, त्याच्यापुढे नेण्याचा आम्ही प्रयत्नच केला नाही. दुपारची डुलकी आहे, पण पाऊण तास.

सगळं श्रेय दिव्याला देणार नाही. त्याच काळात सकाळी दहानंतर त्यांना लिफ्टने गच्चीवर न्यायला लागलो, नातू सोबत बसायला लागला, जेवण सगळ्यांसोबत एका वेळी व्हायला लागलं. मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांच्या गटाने गुहेतल्या वटवाघळांवर काम केलं होतं, त्यात पिंजऱ्यातलं वटवाघूळ मिट्ट अंधाऱ्या गुहेत एकटं ठेवलं तर त्याची वेळ हळूहळू सरकत जायची, पण थवा राहतो त्या गुहेत ठेवलं तर बाहेरचा सूर्य न दिसताही थव्याच्या येण्याजाण्यावर त्याचं घड्याळ लागलेलं राहायचं. मला आबांच्या बाबतीत ते फार आठवत राहतं. आम्ही दोघं कामावर, मुलगा कॉलेजला, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात कोणाचं येणंजाणंच नव्हतं.

मुलाचं थोडक्यात. बारावी, रात्री दोनपर्यंत जागा, नऊच्या आत उठणं नाही, सोमवारी कॉलेजला अर्धमेला. या वयात घड्याळ उशिराकडे झुकतंच, तो आळशी नाही हे मला घरात सगळ्यांना सांगावं लागलं. याला सकाळचा दिवा बरोबर, पण एकदम पहाटे पाचला उठवून समोर बसवलं असतं तर याच गणिताने अजून उशिराकडे गेला असता, कारण नऊला उठणाऱ्याची ती तापमानाची वेळ सहा-सातची. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नऊपासून सुरुवात केली, चहा-पोहे दिव्यासमोर, आणि दर दोन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे. रात्री साडेदहानंतर खोलीत फक्त पिवळा लॅम्प. सात वाजेपर्यंत आणायला तीन आठवडे लागले. दोन रविवार अकरापर्यंत झोपला तर तिसऱ्या आठवड्यात परत मागे गेला, त्यामुळे रविवारची सूट बंद केली.

वस्तू म्हणून दिव्याच्या तक्रारी आता. स्टँडचा बिजागर ढिला, टच करताना पॅनल मागे कलतो, मी मागे पितळी डबा लावून ठेवते. बंद करून चालू केला की उजेड सगळ्यात खालच्या पायरीवरून सुरू होतो, आबांना बटण दिसत नाही, म्हणजे रोज कोणीतरी पाच वेळा दाबून वाढवायला हवा, नाहीतर माणूस ४०० लक्ससमोर तासभर बसून उठेल आणि उपयोग शून्य. कमी उजेडावर ठेवून मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघितलं तर पट्टे सरकताना दिसतात म्हणजे फ्लिकर आहे, पूर्ण उजेडावर दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये अडॅप्टर गरम होऊन गेला. कस्टमर केअरने अख्खा दिवा स्वखर्चाने कुरिअर करायला सांगितलं आणि तीन आठवडे लागतील म्हणाले, मी बुधवार पेठेतून त्याच व्होल्टेज-अँपिअरचा अडॅप्टर ३५० ला आणला, तो अजून थंड चालतो. त्या मधल्या पाच दिवसांत आबांची झोप अर्ध्या तासाने अलीकडे आली होती, तेही वहीत आहे.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, बायपोलरचा त्रास असेल, किंवा जिच्यामुळे उजेड सोसत नाही अशी एखादी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, मी आबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं. पहिल्या आठवड्यात आबांचं डोकं दुखलं, दिवा थोडा लांब सरकवल्यावर थांबलं.

ज्यांना सकाळी अर्धा तास गच्चीवर किंवा मैदानात जाता येतं आणि ज्यांना सकाळचाच उजेड हवाय त्यांनी ४,३०० घालू नयेत, पावसाळ्यातलं आभाळसुद्धा या पॅनलहून जास्त देतं. पण आबांसारख्याला संध्याकाळी सातला उजेड हवा असतो तेव्हा सूर्य मावळलेला असतो, तिथे या दिव्याला पर्याय नाही. उजेडाला पाचपैकी चार, बिजागर आणि अडॅप्टरला एक, पुस्तिकेला शून्य. घेतलात तर आधी दोन आठवडे झोपेच्या आणि जागेच्या वेळा वहीत लिहा, मग दिवा खोक्यातून काढा. कोणाच्या घरी आबांसारखी परिस्थिती असेल तर खाली वेळा लिहा, कुठल्या वेळी बसवायचं ते मोजायला मी मदत करेन, संध्याकाळी पावणेआठनंतर मोकळी असते.